भिंतीवरचे वचन आणि पगाराची तारीख: लहान कारखान्याच्या ख्रिस्ती मालकासाठी काही पायऱ्या

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या ख्रिस्ती मालकाच्या केबिनमध्ये पाऊल टाकले, की त्याच्या खुर्चीमागे पवित्र शास्त्रातील एखादे वचन चौकटीत बसवून टांगलेले दिसते. माझ्याही केबिनमध्ये ते होते. मालकाची पाठ त्या वचनाकडे असते. ते रोज वाचतात ती समोर बसणारी माणसे, म्हणजे चेकसाठी चौथ्यांदा आलेला पुरवठादार किंवा मुलीच्या फीसाठी उचल मागायला आलेला हेल्पर. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली.

विश्वास आणि व्यवसाय यांची सांगड कशी घालावी, याविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) बोलले जाते तेव्हा रोख बहुधा सकाळची प्रार्थना, चांगली वागणूक आणि दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवकार्याला देणे, यांच्याकडे असतो. पवित्र शास्त्र मात्र व्यापाराविषयी बोलू लागले की फार लवकर तपशिलात शिरते: तराजू, मापे, मजुरी देण्याची वेळ, गहाण घेतलेले वस्त्र, शेताची हद्द, लाच. म्हणून या लेखाची सुरुवात प्रार्थनेच्या खोलीतून न करता हिशेबाच्या वहीतून केली आहे. दहा ते पन्नास माणसे कामाला असलेला, स्वतःच खरेदी, विक्री आणि पगार पाहणारा पुणे परिसरातील मालक माझ्यासमोर आहे. कायद्यातील मुदती आणि दर मी दिले आहेत, तरी आपल्या आस्थापनेला कोणते लागू होतात ते आपल्या सीएकडून तपासून घ्यावे.

पहिली पायरी: कोणाचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत, ते लिहून काढणे

नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घेण्याचा सल्ला आहे. लूकच्या १४ व्या अध्यायात येशू विचारतो, की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? या दोन्ही ठिकाणी पहिले काम बसून मोजण्याचे आहे. एखादी संध्याकाळ मोकळी ठेवावी, फोन बाजूला ठेवावा आणि एका कागदावर चार रकाने आखावेत: देणे कोणाचे, किती, कधीपासून, आणि उशीर का झाला. शेवटचा रकाना सर्वांत अवघड असतो. ‘पार्टीचे पेमेंट आले नाही’ हे खरे कारण आहे की सवयीचे, हे तिथे कळते.

त्यानंतर या देण्यांचा क्रम लावावा. माझ्या मते तो असा असावा. सर्वांत आधी कामगारांची मजुरी. मग भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांसाठी कामगारांच्या पगारातून कापून घेतलेली रक्कम, कारण ती कधीच आपली नव्हती. पगारातून १२ टक्के कापून ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले नाहीत, तर आपण दुसऱ्याचे पैसे वापरत आहोत, मग त्याला कॅश फ्लो म्हणा किंवा आणखी काही. त्यानंतर लहान पुरवठादार, नंतर बँक आणि मोठे पुरवठादार. मालकाची स्वतःची उचल शेवटी.

हा शेवटचा क्रम पटायला जड जातो, म्हणून नहेम्याचा ५ वा अध्याय उघडून ठेवावा. यरुशलेमचा तट बांधण्याचे काम सुरू असताना गरीब लोक कर्जापायी शेते आणि मुले गहाण टाकत होते. नहेम्याने धनकोंना सर्वांसमोर जाब विचारला आणि स्वतः १२ वर्षे अधिपती असूनही अधिपतीला मिळणारा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. व्यवसायात मालकाने पगार घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. ओढाताणीच्या महिन्यात पहिली कात्री कोणाच्या ताटाला लागते, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी पायरी: पगाराची तारीख

मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीयच्या १९ व्या अध्यायात सांगितले आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडत असते. आजचा कायदा त्यापेक्षा बराच सैल आहे. आपल्या आकाराच्या कारखान्यात महिना संपल्यावर ७ तारखेच्या आत पगार झाला की तो समाधानी असतो. ही किमान मर्यादा आहे, पण अनेक मालक तिलाच उद्दिष्ट समजतात आणि तेही चुकवतात.

मीही चुकवले आहे. एका मंदीच्या वर्षी मोठ्या गिऱ्हाइकाने तीन महिन्यांचे पेमेंट थांबवले, आणि मी सलग दोन महिने पगार १८ तारखेला केला. त्याच दोन महिन्यांत माझ्या गाडीचा हप्ता मात्र ५ तारखेला बिनचूक गेला, कारण तो बँक खात्यातून आपोआप वळता होत असे. एका ऑपरेटरमामांनी त्या काळात घरभाड्यासाठी खासगी सावकाराकडून व्याजाने पैसे घेतले होते. मला ते वर्षभराने, तेही दुसऱ्याकडून कळले. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाच्या उशिराचे व्याज मी भरले नव्हते, ते मामांनी भरले होते.

त्यानंतर मी जी पद्धत लावली ती साधी आहे. पगारासाठी वेगळे बँक खाते उघडावे. गिऱ्हाइकाचे कोणतेही पेमेंट आले, की त्याच दिवशी त्यातील ठरलेला हिस्सा त्या खात्यात वळवावा. माझ्याकडे मजुरीचा वाटा उलाढालीच्या मानाने काढून तो दर सहा महिन्यांनी तपासला जातो. त्या खात्यात हळूहळू एका महिन्याच्या पगाराइतकी शिल्लक उभी करावी, आणि ती होईपर्यंत नवीन मशिन किंवा नवीन गाडी घेऊ नये. मला या शिलकीसाठी १४ महिने लागले. आपोआप वळता होणारा हप्ता जर मालकाच्या गाडीसाठी असू शकतो, तर कामगारांच्या पगारासाठीही तशीच व्यवस्था असायला हरकत नाही.

ठेकेदारामार्फत आलेल्या माणसांना या पद्धतीतून वगळू नये. ‘ते ठेकेदाराचे काम’ असे म्हणून कायद्यातही मुख्य मालकाची सुटका होत नाही. ठेकेदाराच्या बिलाबरोबर मागील महिन्याच्या पगाराचा आणि भरलेल्या चलनांचा पुरावा मागावा, आणि अधूनमधून एखाद्या माणसाला थेट विचारावे, की हातात किती आले.

इथे मत्तयच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला हमखास दिला जातो. तो दृष्टांत देवाच्या कृपेविषयी आहे. त्यातून वेतनश्रेणी काढू नये, नाहीतर दिवसभर राबलेला माणूस आणि तासभर काम केलेला माणूस यांना सारखाच ओव्हरटाइम द्यावा लागेल. तरीही त्या मालकाच्या दोन सवयी उचलण्याजोग्या आहेत. ज्यांच्याशी दर ठरला होता, त्यांना तो पुरा मिळाला. आणि दिवस मावळताना बाजारात उभ्या राहिलेल्यांना त्याने ‘आळशी’ म्हटले नाही, तर का उभे आहात असे विचारले, आणि कोणी कामाला लावले नाही हे त्यांचे उत्तर मान्य केले. पुण्यातील मजूर अड्ड्यांवर सकाळी अकरानंतर उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहताना मला हे आठवते.

तिसरी पायरी: पिशवीतील दोन वजने

अनुवादाच्या २५ व्या अध्यायात पिशवीत दोन वजने, एक जड आणि एक हलके, ठेवण्याची मनाई आहे. घेताना जड वजन वापरायचे आणि देताना हलके, अशी ती युक्ती होती. आज वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, म्हणून आपण या वचनापुढून निश्चिंत मनाने निघून जातो. पण दोन वजने अजूनही पिशवीत आहेत, फक्त ती आता दिवसांची आणि मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) आहेत.

दिवसांचे वजन आधी पाहू. मला येणे असलेले पैसे मी ३० दिवसांनी मोजू लागतो आणि ३१ व्या दिवशी फोन करतो. मला देणे असलेले पैसे ९० दिवसांनीही ‘सोडतो लवकरच’ या सदरात राहतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. ही तरतूद आल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) तपासायला सुरुवात केली, आणि काहींनी नोंदणी नसलेला पुरवठादार बरा, असेही ठरवले. कायदा पाळण्याची आणि त्याला बगल देण्याची बुद्धी एकाच डोक्यात कशी नांदते, याचा हा नमुना आहे. आपण करायचे ते एवढेच, की पर्चेस ऑर्डरवर पेमेंटची तारीख लिहायची आणि गिऱ्हाइकाने आपल्याला दिलेल्या मुदतीपेक्षा आपण पुरवठादाराला दिलेली मुदत लांब नाही ना, हे दर तिमाहीला पडताळायचे.

मायक्रॉनचे वजन अधिक सूक्ष्म आहे. जॉबवर्क करून आलेला माल तपासताना एक गेज आणि आपला माल पाठवताना दुसरे, हे सगळ्यांनी पाहिले आहे. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडची ऑर्डर मंदावली, की आलेल्या मालात अचानक दोष सापडू लागतात आणि ‘रिजेक्शन’ हा पेमेंट लांबवण्याचा सभ्य मार्ग होतो. यावर उपाय असा: येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालासाठी तपासणीचा एकच तक्ता आणि एकच कॅलिब्रेट केलेले गेज ठेवावे, माल आल्यापासून ठरावीक दिवसांत दोष कळवला नाही तर माल स्वीकारला असे समजण्याची अट स्वतःच ऑर्डरवर छापावी, आणि नाकारलेला नग पुरवठादाराला दाखवल्याशिवाय त्याची रक्कम कापू नये. कच्च्या बिलाचा व्यवहारही याच पायरीवर बंद करावा. आमोस संदेष्ट्याने माप लहान आणि शेकेल (पैसे तोलण्याचे वजन) मोठा करणाऱ्यांना सुनावले, तेव्हा शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो, याची ते वाट पाहत होते. म्हणजे उपासनेला ते हजर असायचे.

चौथी पायरी: नकार आधी ठरवून ठेवणे

लाच डोळसांना आंधळे करते, असे निर्गमच्या २३ व्या अध्यायात म्हटले आहे. पवित्र शास्त्राचा बोल मुख्यतः घेणाऱ्याला आहे हे खरे, पण त्याआड लपता येत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार करणे हाच बचाव उरतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

अनुभव असा, की मागणी येते तेव्हा बहुधा आपलीच एखादी कडी निखळलेली असते. परवान्याचे नूतनीकरण राहिलेले असते, काट्यावरचा शिक्का जुना झालेला असतो, हजेरीपत्रक अपुरे असते. म्हणून नूतनीकरणाच्या सर्व तारखांचा एक तक्ता करून प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधीची खूण त्यावर करावी. या कंटाळवाण्या कागदाने माझे जितके नकार सोपे केले तितके कोणत्याही प्रवचनाने केले नाहीत. गिऱ्हाइक कंपनीतला खरेदी पाहणारा माणूस ‘टक्का’ मागतो, तो प्रसंग वेगळा. तिथे आपली कडी निखळलेली नसते, आणि नकार दिला तर ऑर्डर जाते. गेलेल्या ऑर्डरच्या बदल्यात देव दुप्पट देतो, अशा साक्षी मी ऐकल्या आहेत. माझ्या बाबतीत ती ऑर्डर गेली आणि परत आली नाही. म्हणूनच एका गिऱ्हाइकावर अर्ध्याहून अधिक उलाढाल विसंबून राहू देऊ नये. ज्याच्याशिवाय कारखाना बंद पडेल त्याला नकार देणे जवळजवळ अशक्य असते.

पाचवी पायरी: विसाव्याचा दिवस, आणि पुण्याचा गुरुवार

पुण्याच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी कारखाने चालू असतात, आणि ख्रिस्ती मालकाची पंचाईत तिथून सुरू होते. विसाव्याच्या दिवसाविषयीच्या देवाच्या आज्ञेत मात्र दिवसाइतकाच जोर माणसांवर आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात कारण दिले आहे, की तूही मिसर देशात दास होतास. म्हणून मालक उपासनेला बसलेला आहे आणि कामगार सलग नववा दिवस भरत आहे, हे आज्ञापालन नव्हे.

गुरुवारची सुट्टी गुरुवारीच ठेवावी, ती कामगारांच्या घरच्यांनीही धरलेली असते. रविवारी उपासनेला जाणाऱ्यांना दुपारची पाळी द्यावी, आणि तीच सवलत शुक्रवारच्या नमाजासाठी व पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दिवसांत वारकरी घरांतल्या माणसांसाठी द्यावी. सुट्टीच्या दिवशी सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर काम सांगू नये. मला हे अजून जमलेले नाही.

सहावी पायरी: खंडेनवमी

या विषयावर ख्रिस्ती मालक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, म्हणून थोडे थांबून लिहितो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामगार मशिने पुसून काढतात, झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि पेढे वाटतात. बहुसंख्य कामगार हिंदू असलेल्या कारखान्यात ख्रिस्ती मालकाने काय करावे?

मी तीन प्रकार पाहिले आहेत. काही जण पूजेला बंदी घालतात. काही जण कामगार नाराज होऊ नयेत म्हणून स्वतः नारळ फोडतात आणि घरी जाऊन अस्वस्थ होतात. काही जण त्या दिवशी बाहेरगावी काम काढतात, आणि माझ्या मते हा तिन्हींतला सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्यात कामगारांना मालकाचे मन कळत नाही आणि मालकाला त्यांचे. माझा मार्ग असा आहे: आदल्या आठवड्यात मी सर्वांत जुन्या मामांना बोलावून सांगतो, की पूजा तुमची, ती तुमच्या पद्धतीने आणि कामाच्या वेळेत करा, खर्च कारखाना देईल, मी तिथे उभा राहीन, पण पूजा माझ्या हातून होणार नाही, आणि त्याचे कारणही तुम्हाला ठाऊक आहे. मामा पहिल्या वर्षी म्हणाले, “साहेब, आम्ही कुठे तुम्हाला म्हणतो? तुम्ही नुसते थांबा.” पूजा झाल्यावर बोनसचे पाकीट मी प्रत्येकाच्या हातात देतो. पेढा खावा की नाही, यावर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८ व्या आणि १० व्या अध्यायांत जे लिहिले आहे ते वाचून प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावे. माझे अनेक मित्र माझ्याहून वेगळे ठरवतात.

हाच न्याय उलट बाजूने लावावा. सकाळची प्रार्थना ठेवायची असेल तर ती कामाच्या वेळेआधी आणि ऐच्छिक असावी, आणि तिला कोण येतो याची नोंद, मनातसुद्धा, ठेवू नये. बढतीच्या वेळी मंडळीतल्या माणसाला ‘आपला’ म्हणून पुढे करू नये. पगार हातात असलेल्या माणसाने केलेली धर्माची विनंती कामगाराला विनंती वाटत नाही.

सातवी पायरी: अधिकार वाटणे आणि तक्रार ऐकणे

निर्गमच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करताना पाहतो आणि हे बरे नव्हे असे सांगतो. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर अधिकारी नेमायला तो सांगतो, आणि ते लाचेचा तिटकारा असणारे असावेत अशी अट घालतो. आपल्याकडे सुपरवायझर नेमला जातो, पण पाचशे रुपयांचे टूल आणायलाही त्याला मालकाची सही लागते. किती रकमेपर्यंत तो स्वतः निर्णय घेईल, हे लिहून द्यावे आणि तो चुकला तरी वर्षभर ते मागे घेऊ नये.

मार्कच्या १० व्या अध्यायात मोठे होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे, असे येशू सांगतो. याचा अर्थ वर्षातून एकदा सर्वांना चहा वाढणे एवढाच झाला, तर ते नाटक होते. ‘साहेब, हे चुकले’ असे मालकाला सांगण्याची मुभा असलेली दोन माणसे कारखान्यात असावीत, आणि त्यांनी तसे सांगितल्यावर पुढच्या पगारवाढीत त्यांचे काही बिघडलेले नसावे.

तक्रारींसाठी मत्तयच्या १८ व्या अध्यायातील क्रम, म्हणजे आधी एकांतात, मग एकदोघांसमोर, मग सर्वांसमोर, हा भांडणांसाठी उत्तम आहे. मात्र लैंगिक छळाच्या तक्रारीत तो कधीही वापरू नये. पीडित स्त्रीला ‘आधी त्याच्याशी एकट्याने बोल’ असे सांगणे हा वचनाचा गैरवापर आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार थेट तिच्याकडे गेली पाहिजे.

आठवी पायरी: शेताच्या कडेचे कणीस

दान हा शेवटचा विषय मुद्दाम ठेवला आहे. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याबरोबरच ज्यांचे लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. थकलेला ओव्हरटाइम तसाच ठेवून चर्चच्या बांधकामाला दिलेली देणगी कामगारांच्या नावानेच पावती मागत असते.

लेवीयच्या १९ व्या अध्यायात कापणी करताना शेताचे कोपरे सोडून देण्याची आज्ञा आहे, आणि रूथच्या पुस्तकात शेताचा मालक बवाज, रूथ नावाची गरीब परदेशी विधवा कणसे वेचायला आली असता, त्यापुढे जाऊन आपल्या माणसांना पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून टाकायला सांगतो. नफा मोजून झाल्यावर उरलेल्यातून दिलेले हे दान नव्हते; काम चालू असतानाच सोडलेली जागा होती, आणि रूथने ती स्वतःच्या कष्टाने वेचली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आश्रयाला आलेल्या स्त्रियांना छापखान्याचे काम शिकवले आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी व छपाई त्याच स्त्रियांच्या हातून झाली, तीही मला याच जातीची गोष्ट वाटते. आपल्या कारखान्यात ती जागा म्हणजे आयटीआयचा शिकाऊ मुलगा, ज्याच्यामुळे पहिले सहा महिने एका मशिनचे उत्पादन थोडे घटते.

दुसरी जागा भंगाराची आहे. लेथवरच्या चिप्स आणि तुकडे रोखीने विकून ते पैसे थेट मालकाच्या खिशात जाण्याची पद्धत किती रुळलेली आहे, हे या व्यवसायातल्या कोणाला सांगायला नको. माझ्याकडे आता भंगार बिलावर विकले जाते, रक्कम बँकेत येते, आणि कर वजा जाता उरणारे पैसे कामगारांच्या मुलांच्या शाळेच्या आणि डिप्लोमाच्या फीसाठी वेगळे ठेवले जातात. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेले पैसे नेताना कोणी बोट ठेवू नये म्हणून सोबत दुसरी माणसे घेतली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात त्याने ते स्पष्ट लिहिले आहे. म्हणून भंगाराची गाडी काट्यावर जाते तेव्हा एक ऑपरेटर बरोबर जातो, वजनाची चिठ्ठी वहीला टाचली जाते, आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीवर माझ्याबरोबर मामांची सही असते. ती वही टाइम ऑफिसच्या खिडकीशी दोरीने बांधून ठेवलेली आहे, आणि ती कोणीही उघडून पाहू शकतो.